निर्धूमजींचं पुस्तक

कवी म्हटलं की माझ्या कपाळावर आठी पडायची. भाईंदर पश्चिमेला आमचा छापखाना होता. एक ट्रेडल मशीन आणि खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, केसेस, एवढाच पसारा. छापखाना काढला की कवी येतातच. ते येतात, चहा घेतात, प्रूफात तीन-तीनदा कविता बदलतात आणि पुस्तक बांधून तयार झालं की महिनाभर तोंड दाखवत नाहीत. त्यापेक्षा लग्नपत्रिकावाले बरे. लग्नाला मुहूर्त असतो, त्यामुळे त्यांना निदान घाई तरी असते.

म्हणून अठ्ठ्याऐंशी साली खादीचा सदरा घातलेले एक उंच, काटकुळे आजोबा दारात उभे राहिले आणि समाधान, म्हणजे माझा नवरा, कानाशी पुटपुटला की हे हिंदीतले मोठे कवी आहेत, तेव्हा मी मान वर न करताच सांगून टाकलं, "आम्ही कविता छापत नाही."

"मैं भी नहीं छापता," ते म्हणाले. "अख़बार छापना है."

अख़बार म्हणजे चार पानांचं साप्ताहिक, 'जागता पड़ोस'. मीरा रोड तेव्हा नुकतं उभं राहत होतं. मिठागरांवर भराव, भरावावर इमारती, इमारतींत देशभरातली माणसं आणि नळांत हवा. रस्ता कधी होणार, दिवे कधी लागणार, पाणी कुठे अडलंय, हे सगळं या माणसाला दर आठवड्याला लिहायचं होतं. ते हिंदीत, कारण सगळ्या मजल्यांवर कळेल अशी तीच एक भाषा होती. वय सत्तरीच्या पुढे. राहायला मीरा रोडच्याच पूनम सागर वसाहतीत, मुलीकडे.

त्यांचं पाळण्यातलं नाव केशरीनंदन, पण लिहायचे 'निर्धूम' या नावाने. बाकी सगळे त्यांना पंडितजी म्हणत. मी म्हणणार नव्हते. आम्ही परभणीकडचे, बौद्ध. असल्या हाकांचा आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जाच झालेला. मनात ठेवणं मला जमत नाही, म्हणून पहिल्याच आठवड्यात मी तसं तोंडावर सांगितलं. समाधानने डोक्याला हात लावला. ते मात्र हसले.

"आडनाव तो मैंने जेल के दरवाज़े पर उतार दिया था, बयालीस में," ते म्हणाले. "लौटते समय उठाना भूल गया."

विसरले कसले, मुद्दाम टाकून आले होते. त्या दिवसापासून मी त्यांना निर्धूमजी म्हणू लागले आणि माझं त्यांच्याशी जमलं. मी मराठीत बोलायचे, ते हिंदीत. भांडण मात्र दोघांनाही नीट कळायचं.

आणि भांडणं पुष्कळ झाली, कारण हा माणूस अग्रलेख कागदावर लिहीतच नसे. अंकाच्या दिवशी दुपारी यायचे, धोतराचा सोगा खोचायचे, हातात खिळे जुळवायची स्टिक घ्यायचे आणि केससमोर उभं राहून सरळ खिळ्यांतच लेख जुळवायला लागायचे. हिंदी-मराठीचे खिळे एकच, त्यामुळे त्यांना अडत काही नव्हतं. अडायचं माझं. केस माझी, आणि हे मधोमध उभे. एकदा मी चिडून विचारलं की घरून लिहून आणायला काय होतं, इथे माझ्या जयंतीच्या पावत्या खोळंबल्यात. तेव्हा त्यांनी ती सवय कुठली ते सांगितलं.

नर्मदेकाठच्या एका गावात ते विशीत साप्ताहिक काढत होते. पोलीस यायचे ते हस्ताक्षर शोधायला. ज्याच्या हातचा कागद सापडेल तो आत. म्हणून संपादकाने कागदावर लिहायचंच नाही असं ठरलं. उभ्या उभ्या लेख खिळ्यांत जुळवायचा, छापायचा आणि लगेच तो जुळवलेला फर्मा सोडवून खिळे परत आपापल्या खणांत टाकायचे. झडतीला आलेल्या फौजदाराला केसमध्ये नुसती अक्षरं दिसायची. अक्षरांना अटक कशी करणार? शेवटी त्यांनी संपादकालाच अटक केली.

कविताही तशाच झाल्या. कलेक्टरने नदीच्या घाटावर झेंडा घेऊन जायला बंदी केली, पहारा बसवला, तेव्हा त्यांनी ओळी जुळवल्या होत्या:

पहरे बैठें लाख नदी पर,
प्यास किसी की क़ैद नहीं।

प्रभातफेऱ्यांत गावोगावची माणसं या ओळी म्हणत जायची. कवी कोण ते कुणालाच माहीत नव्हतं. नाव छापलं की घरावर धाड, म्हणून नाव नाही. ज्या अंकांत कविता छापल्या ते अंक जप्त झाले, जाळले गेले. उरल्या त्या फक्त यांच्या डोक्यात.

"मग स्वातंत्र्यानंतर पुस्तक काढायला कुणी हात धरला होता?" मी विचारलं.

"फ़ुरसत किसे थी, बिटिया? हम समझते थे अंग्रेज़ जाएगा तो काम ख़त्म. बाद में समझ आया, देश भी साप्ताहिक जैसा है. हर हफ़्ते निकालना पड़ता है."

हे वाक्य दुसऱ्या कुणी टाकलं असतं तर मी नाक मुरडलं असतं. पण मी त्यांना डबकी ओलांडत, धोतर वर धरून, एका सोसायटीतून दुसरीत अंक टाकत जाताना पाहिलं होतं. मुंबईतल्या एका मोठ्या दैनिकाची नोकरी त्यांनी मालकाने अग्रलेखात हात घातला म्हणून सोडली होती, हेही मला त्यांच्या मुलीकडून कळलं, त्यांच्याकडून नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटायला लागला होता. तो मी दाखवत नसे, इतकंच.

एक्याण्णवच्या अखेरीस त्यांची मुलगी मृणालिनी छापखान्यात आली. ती बँकेत होती, स्वच्छ मराठी बोलायची. वडिलांचं हृदय थकलंय, डॉक्टरांनी जिने चढायला बंदी केलीय, फार काळ नाही असं डॉक्टर म्हणाले, हे तिने एका दमात सांगितलं.

"त्यांना पुस्तक हवंय, राजश्री. बोलणार नाहीत. काल शेजारच्या मुलीचं शाळेचं पुस्तक घेऊन बसले होते. वाचत नव्हते. नुसतं उघडत होते आणि मिटत होते."

मी त्याच आठवड्यात त्यांना पकडलं. म्हटलं, "पुस्तक काढायचंय तुमचं. कविता सांगा." ज्या माणसाला मी फौजदाराच्या गोष्टी ऐटीत सांगताना पाहिलं होतं, तो माणूस लाजला. खरंच लाजला, आणि खिळ्यांकडे बघत म्हणाला, "एक हो जाता तो अच्छा था. हाथ में लेकर देख लेता."

मग मी कामाला लागले. साप्ताहिक दोन पानांवर आणलं, कारण आमच्याकडे खिळे मोजकेच. दुपारी ते स्टुलावर बसून कविता म्हणायचे आणि मी जुळवायचे. काही कवितांत त्यांचे डोळे भरायचे, काहींत माझे. जुळवलेली पानं दोऱ्याने बांधून मी फळीवर ओळीने लावून ठेवत होते. प्रत्येक पानाचं प्रूफ काढत होते. निम्मं पुस्तक असं खिळ्यांत उभं राहिलं आणि आमचं घोडं अडलं कागदावर. चांगला कागद आणि बांधणी आमच्या आवाक्यातली नव्हती.

समाधानच्या पोटात काही राहत नाही. त्याने कुठेतरी हे बोलून दाखवलं आणि महिपतशेठ छापखान्यात हजर झाले.

महिपतशेठचे पाण्याचे टँकर होते. अर्धं मीरा रोड त्यांच्याच पाण्यावर आंघोळ करायचं. माणूस दिलदार होता. गणपतीला द्यायचे, आमच्या जयंतीला द्यायचे, उत्तनच्या चर्चच्या सणालाही द्यायचे. त्यांना पुढे नगरपालिकेला उभं राहायचं होतं, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही.

"बेचाळीसला यंदा पन्नास वर्सं व्हतान," ते म्हणाले. "नऊ ऑगस्टला हॉल घेतो, पंडितजींचा सत्कार करतो. पुस्तकाचं प्रकाशन थयंच. कागद माझा, बायंडिंग माझं. तुमी निस्तं छापा."

निर्धूमजी खिळे निवडत राहिले. मी त्यांच्या वतीने लगेच हो म्हणून टाकलं. कागद पाठवतो, पाठवतो म्हणत शेठनी जुलै आणला, पण हॉल ठरला, निमंत्रणं वाटली गेली, आणि ती माझ्याच मशीनवर छापली होती, म्हणून मी निर्धास्त होते.

त्याच जुलैत पूनम सागरमध्ये कावीळ आली. एका इमारतीत एक पोर आजारी, मग शेजारच्या दोन घरांत, मग एकेका मजल्यावर. मृणालिनीचेही डोळे पिवळे झाले. सगळे म्हणाले पावसाळा आहे, बाहेरचं खाणं आहे. खरं काय ते आम्हाला शेवंतीने सांगितलं. शेवंती जवळच्या मुर्धा गावची, आमच्या गल्लीत मासळी विकायची.

"बाहेरचा खाना कंचा, बाय," ती टोपली उतरवत म्हणाली. "टँकर कुठं भरतान ते बगितलंस का? आमच्या गावाखाली जुन्या मिठागराच्या कडंला बाव हाय. नव्या बिल्डिंगचा गटार तिच्यानच झिरपतो. आमी त्या पान्यानं भांडीसुदा धूत न्हाय."

निर्धूमजी ऐकत होते. त्यांनी स्टिक खाली ठेवली, चप्पल घातली आणि शेवंतीबरोबर मुर्ध्याला गेले. विहीर बघून आले. दुसऱ्या दिवसापासून ते पूनम सागरमध्ये जिने चढायला लागले. डॉक्टरांची बंदी, मृणालिनीची शपथ, माझी आरडाओरड, सगळं बाजूला ठेवून दर मजल्यावर दम खात ते दारं वाजवत फिरले. कुणाच्या घरी कोण आजारी, पाणी कुठल्या टँकरचं, कुठल्या दिवशीचं, हे विचारत राहिले. मग सगळं त्यांनी मला तोंडी सांगितलं. मी लक्षपूर्वक ऐकलं. सगळी घरं त्यात होती, मृणालिनी नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, संपादकाने आपल्या घरचं दुखणं अग्रलेखात आणायचं नसतं.

ही बातमी महिपतशेठकडे पोचायला वेळ लागला नाही. त्या संध्याकाळी ते आले, स्टुलावर बसले आणि चहासुद्धा घेतला.

"पंडितजी, मैं आपका मान रखता हूँ," ते हिंदीत म्हणाले. "मेरा कागज कल सुबह ट्रक से निकलेगा. आपकी किताब हो जाएगी. वो कुएँवाला लिखना छोड़ दो. वो छपेगा तो किताब का कागज नहीं आएगा. सीधी बात है."

फळीवर दोऱ्याने बांधलेली पानं होती. माझं मन कुठे होतं ते सांगते, त्यात लाज वाटण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. पोरं बरी व्हावीत असं मला वाटत होतंच, पण या माणसाच्या हातात त्याचं पुस्तक पडावं असंही तितकंच वाटत होतं, आणि दोन्हींपैकी एकच होणार असं दिसत होतं.

निर्धूमजींनी फळीवरच्या पानांकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "कागज रहने दीजिए, सेठजी. मेरे पास थोड़ा है. किताब पतली करूँगा. और साप्ताहिक में कुएँ पर एक पंक्ति नहीं आएगी. वचन देता हूँ."

शेठ खूश झाले. कागदाचा खर्च वाचला आणि सत्कारही ठरल्याप्रमाणे होणार होता. "पतली चलेगी," ते उठता उठता म्हणाले. "वाचतो कोन?"

ते गेले आणि माझा तोल गेला. मी निर्धूमजींना नको नको ते बोलले. ज्याला इंग्रज विकत घेऊ शकला नाही तो टँकरवाल्याला विकला गेला, असंही बोलले. ते फळीपाशी गेले, पहिलं पान अलगद उचलून टेबलावर ठेवलं आणि त्याचा दोरा सोडायला लागले.

"काय करताय?" मी ओरडले.

"टाइप चाहिए. तुम्हारे पास और है कहाँ?"

मग त्यांनी समजावलं. गेल्या उन्हाळ्यात साप्ताहिकात टँकरांबद्दल चार ओळी छापल्या होत्या, तर स्टेशनाजवळच्या स्टॉलवरचे सगळे अंक सकाळी सकाळी कुणीतरी उचलून नेले होते. साप्ताहिकात छापलं तर या वेळीही तेच होणार. पण नऊ ऑगस्टला सगळं गाव एका हॉलमध्ये येणार होतं आणि पुस्तक तिथे प्रत्येकाच्या हातात पडणार होतं. "ऐसा वितरण तो मुझे बयालीस में भी नहीं मिला," असं म्हणताना त्या म्हाताऱ्याचे डोळे चमकत होते. साप्ताहिकात एक ओळ येणार नाही, हा शब्द त्यांनी दिला होता आणि तो ते पाळणारच होते. पोलिसांना चकवण्यात ज्याची जवानी गेली त्याच्याकडून साध्या माणसाने शब्द घेताना जरा जपून घ्यावा.

मला मात्र हसू येईना. "आणि तुमचं पुस्तक? डॉक्टर काय म्हणालेत ते मला माहीत आहे. हे सोडलं तर पुन्हा जुळवायला महिने जातील. तुमच्या हातात कधी देणार मी ते?"

"प्रूफ तो हैं न तुम्हारे पास? कविता ठहर सकती है, बिटिया. कुआँ नहीं ठहरेगा."

"कविता थांबेल. तुम्ही थांबाल का?"

दोरा सुटला. त्यांनी ओळीमागून ओळ डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने खिळे खणांत टाकायला सुरुवात केली. क कच्या खणात, म मच्या खणात. प्रत्येक ओळ टाकण्याआधी ती ते एकदा हळू आवाजात म्हणत. मी थोडा वेळ भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, मग डोळे पुसले आणि दुसरं पान उचललं. एकट्याने करायला त्यांना किती वेळ लागला असता. समाधान दाराशी उभा होता. त्याला आमच्या चाळीच्या टाकीची काळजी होती, तीही महिपतशेठच्याच पाण्यावर. तरी त्याने दार लावून घेतलं आणि तोही बसला. एका पावसाळी रात्रीत ते निम्मं पुस्तक संपलं.

त्याच खिळ्यांतून आम्ही पाण्याची पुस्तिका उभी केली. आकार पुस्तकाचाच, शिवण तशीच. मुखपृष्ठासाठी मी पोस्टरचे मोठे लाकडी टाइप काढले आणि त्यांनी सांगितलेली ओळ जुळवली: 'यह पानी आप पिएँगे?' आत शेवंतीने दाखवलेली विहीर, टँकर कुणाचे ते नावानिशी, आणि आजारी घरं. शेवटच्या पानावर संपादक, मुद्रक यांची नावं, आणि खाली त्यांनी मुद्दाम घातलेली ओळ: काग़ज़ अपना.

नऊ ऑगस्टला हॉल गच्च भरला. प्रवेशद्वारात रांगोळी, माइकवर देशभक्तीची गाणी, व्यासपीठावर पांढऱ्या चादरीचं टेबल. मान्यवरांपुढे सीलबंद पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या. अध्यक्ष होते पीटर सर, उत्तनच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. कडक माणूस, अर्ध्या गावाला त्यांनी छड्या मारलेल्या. निर्धूमजींना शाल, श्रीफळ झालं. महिपतशेठ देशाबद्दल बोलले, आणि चांगलं बोलले.

मग प्रकाशन. आपल्याकडे पुस्तकाचं प्रकाशन कसं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. चकचकीत कागदात गुंडाळून, लाल फीत बांधून गठ्ठा तबकात आणतात. अध्यक्ष फीत सोडतात, व्यासपीठावरच्या प्रत्येकाच्या हाती एकेक प्रत जाते, आणि मग सगळे एका रांगेत उभे राहून पुस्तक छातीशी धरतात, मुखपृष्ठ लोकांकडे करून, आणि फोटो होतो. ज्याच्या हातात पुस्तक असतं त्याला ते दिसत नाही. समोरच्यांना दिसतं. वर्षानुवर्षं मी हे बघत आले होते, पण त्याचा असा उपयोग होईल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. निर्धूमजींच्या आलं.

तबक मीच घेऊन गेले. पीटर सरांनी फीत सोडली. महिपतशेठनी प्रत घेतली, एकदाही न बघता छातीशी धरली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले. फोटोग्राफर म्हणाला, "शेठ, जरा वर." त्यांनी वर धरली. आणि सगळ्या हॉलने महिपतशेठच्या छातीवर वाचलं, यह पानी आप पिएँगे?

मग मागच्या बाजूला, पूनम सागरच्या बायका बसल्या होत्या तिथे, कुजबुज सुरू झाली. शेठना वाटलं कौतुक चाललंय. ते आणखी ताठ उभे राहिले.

रिवाजाप्रमाणे अध्यक्षांनी पुस्तकातली एक कविता वाचून दाखवायची होती. पीटर सरांनी चष्मा लावला, पहिलं पान उघडलं आणि वाचायला लागले. त्यांचं हिंदी अडखळतं होतं. पहिलं वाक्य वाचून ते थांबले, महिपतशेठकडे बघितलं, निर्धूमजींकडे बघितलं, आणि मला वाटलं आता मिटणार. त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि वर्गात धडा वाचावा तसं शेवटपर्यंत वाचलं. विहीर. गटार. टँकर. कुठल्या मजल्यावर कोण. ज्यांची नावं आली ते एकेक करून उभे राहायला लागले, कुणी सांगितलं नव्हतं तरी. मृणालिनीचं नाव नव्हतं. तीही उभी राहिली, पिवळ्या डोळ्यांनी वडिलांकडे बघत.

शेवंती पहिल्या रांगेच्या कडेला होती. ती बसूनच बोलली, पण हॉलभर ऐकू गेलं. "शेट, तुमच्या म्होरं बाटली हाय. आमच्या म्होरं न्हाय."

महिपतशेठच्या हातातली पुस्तिका हळूहळू खाली आली. त्यांनी ती तेव्हा पहिल्यांदा वाचली. माणूस उठून गेला नाही, हे मला सांगायला हवं. खुर्चीवर बसून राहिले. जाताना निर्धूमजींना एवढंच म्हणाले, "वचन दिया था."

"निभाया भी है," निर्धूमजी म्हणाले. "साप्ताहिक देख लीजिए."

ती विहीर आठवड्याच्या आत बंद झाली. लोकांनीच नगरपालिकेवर मोर्चा नेला, तिथली माणसं आली, पाणी तपासून गेली, तोंडावर जाळी ठोकली. कावीळ ओसरली. आमच्या चाळीची टाकी काही दिवस कोरडी राहिली, आणि समाधान मला टोमणे मारत सायकलवरून हंडे आणत राहिला. महिपतशेठ पुढे निवडून आले, ते वेगळं. मीरा-भाईंदर मीरा-भाईंदरच राहिलं. पण ज्या घरांतली पोरं उठून शाळेत गेली त्या घरांना विचारा देशभक्त कवी म्हणजे कोण. त्यांना एकही कविता येत नसेल, नाव मात्र सांगतील.

हॉलमधून परतताना रिक्षात मी म्हटलं होतं, "उद्यापासून पुस्तक पुन्हा." ते हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी खरंच आले, स्टुलावर बसले. मी प्रूफं समोर ठेवून पहिली कविता जुळवायला घेतली. पण जिने फार चढून झाले होते. पुढच्या आठवड्यात ते आले नाहीत, त्याच्या पुढच्या आठवड्यात मीच पूनम सागरला गेले. अंथरुणावर बसून त्यांनी अंकाचा अग्रलेख मला तोंडी सांगितला, रस्त्यातल्या खड्ड्यांवर. पुस्तकाबद्दल विचारलं नाही. मीच सांगितलं की चाललंय, दिवाळीपर्यंत होईल. मी हात किती वेगाने चालवले ते माझं मला माहीत. दिवाळीच्या आधीच ते गेले.

पुस्तक त्र्याण्णवच्या ऑगस्टमध्ये झालं. कागद आमचाच. मृणालिनीने समजून उमजून मुखपृष्ठ साधं ठेवलं, पीटर सरांनी दोन शब्द लिहिले, मुखपृष्ठावर कवीचं नाव पहिल्यांदा छापलं गेलं. पूनम सागरच्या आवारात छोटासा कार्यक्रम झाला. शेवंती आली होती, पूनम सागरच्या बायका आल्या होत्या, जिना चढून ज्यांची दारं त्यांनी वाजवली होती ती माणसं पोरांना घेऊन आली होती. एका खुर्चीवर हार घातलेला फोटो ठेवला होता, आणि पहिली प्रत त्याच्यासमोर ठेवायची असं सगळ्यांनी ठरवलं. मला पुढे बोलावलं. मी फीत सोडली, पुस्तक ठेवलं. टाळ्या झाल्या. मृणालिनीने माझा हात धरला आणि म्हणाली, किती सुंदर झालंय.

झालंच होतं. पण मला ते फोटोपुढे ठेवायचं नव्हतं. मला ते त्यांच्या हातात द्यायचं होतं.